टाकलेल्या खेळण्यांची डागडुजी आणि विल्हेवाट

लोकांनी फुकट दिलेल्या जुन्या वस्तू गोळा करायच्या, त्यांची निवड करून त्या अल्प किमतीला विकायच्या आणि त्या विक्रीच्या उत्पन्नातून एखादे धर्मादाय कार्य चालवायचे, अशा पद्धतीच्या दुकानाला अमेरिकेत ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ते ‘चॅरिटी शॉप’ या नावाने ओळखले जाते. या दुकानांविषयी अभ्यासकांनी जे लिहिले आहे, त्यात मानाचे पान कपड्यांना मिळालेले दिसते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दुकानातील बहुतेक जागा कपडेच व्यापतात आणि जुन्या कपड्यांना फॅशनच्या इतिहासातही स्थान मिळते. खेळण्यांचा कोपरा मात्र या लेखनात बहुधा ओझरता येतो. वास्तविक या संस्थेचा पाया कोणत्या कल्पनेवर घातला गेला होता आणि तो पुढे केव्हा व कसा खचला, हे कपड्यांपेक्षा खेळण्यांच्या वाटचालीतून अधिक स्वच्छ दिसते. थ्रिफ्ट स्टोअरचा जन्म दुकान म्हणून झाला नाही, तो दुरुस्तीचा कारखाना म्हणून झाला. आणि मुलांनी टाकलेल्या खेळण्यांचे पुढे काय होणार, हे त्या कारखान्यात कोणत्या प्रकारचे श्रम उपलब्ध आहेत यावरच प्रत्येक काळात ठरत गेले.

या कल्पनेचा एक उगम लंडनमध्ये सापडतो. ‘सॅल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेचा, म्हणजे मराठीत ज्याला मुक्तिफौज असे नाव पडले त्या संस्थेचा, संस्थापक विल्यम बूथ याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शहरातील बेकारांची पथके उभारून त्यांच्याकरवी घरोघरचे टाकाऊ सामान नियमितपणे गोळा करण्याची योजना मांडली होती. सुखवस्तू घरांतील अडगळ आणि काम नसलेले हात या दोन निरुपयोगी ठरवल्या गेलेल्या गोष्टी एकत्र आणल्या तर दोन्हींचा उपयोग होईल, असा तिच्यामागचा हिशेब होता. १८९० च्या दशकाच्या अखेरीस मुक्तिफौजेच्या अमेरिकी शाखेने ही योजना तेथील मोठ्या शहरांत अमलात आणली. त्याच सुमारास बॉस्टन शहराच्या दक्षिण भागातील गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत एडगर हेल्म्स हा मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक असाच प्रयोग करत होता. त्याच्या कार्याचा आरंभ १९०२ साली झाला असे मानतात. पुढे ब्रुकलिनमधील शाखेकडून त्याला ‘गुडविल’ हे नाव मिळाले आणि आज अमेरिकेतील या क्षेत्रातली ती सर्वांत परिचित संस्था आहे. हेल्म्सने कॉफीच्या व्यापाऱ्यांकडून रिकामी तागाची पोती मिळवून ती सधन घरांत वाटली. घरातल्यांनी नको असलेल्या वस्तू पोत्यात टाकायच्या आणि भरलेले पोते संस्थेच्या माणसाने उचलून न्यायचे, अशी ती व्यवस्था होती. पोत्यातून आलेल्या वस्तू शिवणे, सांधणे, रंगवणे हे काम त्याच वस्तीतील बेकार, वृद्ध व अपंग लोकांना मजुरी देऊन करून घेतले जाई आणि दुरुस्त झालेल्या वस्तू त्या वस्तीतच विकल्या जात. म्हणजे विक्री हे साधन होते आणि दुरुस्तीतून मिळणारा रोजगार हे साध्य होते, ही गोष्ट या संस्थांच्या आजच्या रूपाकडे पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापार हा त्यापूर्वी अमेरिकेत मुख्यतः फेरीवाल्यांच्या व चिंध्या-भंगार घेणाऱ्यांच्या हातात होता. त्यांत ज्यू स्थलांतरितांचे प्रमाण मोठे असल्याने या धंद्याकडे पाहण्याच्या प्रतिष्ठितांच्या दृष्टीत संशय आणि वांशिक तिरस्कार दोन्ही मिसळलेले असत. चर्चच्या छत्राखाली तीच वस्तू विकली जाऊ लागली, तेव्हा तिच्यावरचा तो डाग पुसला गेला. धर्मादाय दुकानाच्या यशाचे हे कारण फारसे भूषणावह नाही, पण ते नाकारताही येत नाही. दुसरा संशय रोगराईचा होता आणि खेळण्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्र होता. आरक्त ज्वर, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणणारा घशाचा सांसर्गिक ताप, आणि घटसर्प या दोन्ही रोगांनी त्या काळी मुले मोठ्या संख्येने दगावत आणि आजारी मुलाच्या हातातले कापडी खेळणे जाळून टाकावे, असा वैद्यकीय सल्ला सर्रास दिला जाई. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या मार्जरी विल्यम्स यांच्या ‘द व्हेल्व्हटीन रॅबिट’ या बालकथेतील मखमली सशावर नेमका हाच प्रसंग येतो. तेव्हाच्या वाचकांना त्यात कल्पनेचा भाग सशाच्या पुढच्या भाग्याचा वाटला असेल, खेळणी जाळण्याचा नव्हे. जुन्या वस्तूंचे संकलन करणाऱ्या संस्थांनी त्यामुळे धुरी देऊन निर्जंतुक करण्याची सोय आरंभापासूनच ठेवली. तरी भुसा किंवा कापूस भरलेल्या खेळण्यांविषयीची भीती पूर्णपणे कधीच गेली नाही आणि आजही कित्येक दुकाने अशी खेळणी घेण्याचे टाळतात.

तरीही खेळणी येत राहिली आणि खपत राहिली, कारण ती महाग होती. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांचा फार मोठा भाग जर्मनीहून, विशेषतः थुरिंगिया प्रांतातील सॉनेबर्ग व त्याच्या परिसरातील घरगुती कारागिरांकडून येत असे. चिनीमातीच्या डोक्याची बाहुली ही मध्यमवर्गीय घरातसुद्धा जपून वापरण्याची चीज होती. १९१४ नंतर युद्धामुळे ही आयात आटली आणि अमेरिकी कारखानदारी वाढली, पण तिच्या मालाची घडणही उघडून पुन्हा जोडता येण्यासारखी होती. लाकडी गाडीला खिळ्याने नवे चाक बसवता येई, पत्र्याच्या मोटारीची वाकलेली पट्टी ठोकून सरळ करता येई, किल्लीच्या खेळण्याची कमान बदलता येई.

सांध्यांच्या बाहुलीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्यापासून केलेले तिचे धड आतून पोकळ असे. डोके, हात व पाय हे स्वतंत्र भाग असत आणि धडाच्या आतून ओवलेल्या रबरी दोरीच्या ताणाने ते आपापल्या खोबणीत बसत. काही वर्षांनी रबर सैल पडे किंवा तुटे आणि बाहुलीचे अवयव एकदम गळून पडत. घरच्यांच्या लेखी ती मोडली असे होई. दुरुस्ती करणाऱ्याच्या लेखी मात्र तिचे काहीच बिघडलेले नसे. नवी दोरी पायांच्या आकड्यांतून वर घ्यायची, मानेच्या आकड्याला अडकवायची, दुसऱ्या दोरीने एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत हात ओवायचे, चेहऱ्यावरचा उडालेला रंग भरायचा आणि केसांचा टोप नव्याने चिकटवायचा, एवढे केले की बाहुली पुन्हा उभी राही. हे काम बसल्या जागी, फारसे अंगबळ न लावता, साध्या हत्यारांनी होण्यासारखे होते. हेल्म्सच्या कल्पनेतील कामगाराला ते नेमके जमण्याजोगे होते. याच कौशल्यावर युरोप-अमेरिकेत ‘बाहुल्यांची इस्पितळे’ म्हणवणारी खासगी दुकानेही चालत. लिस्बनमधील असे एक दुकान १८३० पासून चालू आहे.

१९२९ नंतरच्या महामंदीत या डागडुजीला सरकारी आश्रय मिळाला. बेकारांना सार्वजनिक कामांवर लावण्यासाठी १९३५ साली स्थापन झालेल्या ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ या संघराज्य सरकारच्या यंत्रणेने रस्ते व पूल यांच्याबरोबर खेळणी दुरुस्तीचे आणि खेळणी उसनी देण्याचे प्रकल्पही अनेक राज्यांत चालवले. मिलवॉकी येथील तिच्या हस्तकला प्रकल्पात स्त्रिया बाहुल्या व लाकडी खेळणी घडवत. नाताळच्या आधी अग्निशमन केंद्रांतील जवान फावल्या वेळात जुनी खेळणी रंगवून गरीब मुलांना वाटत, हाही त्या काळच्या अमेरिकी शहरांतला परिचित रिवाज होता. १९३५ सालीच लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘टॉय लोन’ या उपक्रमाची कल्पना त्याहून वेगळी होती: ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे मुलाने खेळणे न्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत परत करायचे. येथे खेळण्याला मालक नव्हता, त्यामुळे टाकून देणाराही नव्हता. डागडुजीचा खर्च मात्र संस्थेने सतत सोसायचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच परंपरेतील सर्वांत मोठा उपक्रम उभा राहिला. मरीन दलाच्या राखीव तुकडीतील मेजर बिल हेन्ड्रिक्स याच्या पत्नीने हाताने केलेली एक चिंध्यांची बाहुली गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला देण्यास त्याला सांगितले. तशी संस्था सापडेना, तेव्हा त्यानेच १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘टॉइज फॉर टॉट्स’ ही मोहीम सुरू केली आणि पहिल्याच वर्षी ५,००० खेळणी जमवली. हेन्ड्रिक्स नागरी जीवनात वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेच्या प्रसिद्धी विभागाचा प्रमुख असल्याने मोहिमेला चित्रनगरीचे पाठबळ मिळाले. तिचे आगगाडीचे बोधचिन्ह वॉल्ट डिस्नेने तयार केले. पुढील वर्षी ती देशभर पसरली आणि सुमारे तीन दशके राखीव सैनिक आपल्या केंद्रांत बसून वापरलेली खेळणी दुरुस्त करत राहिले. शस्त्रांची सवय असलेल्या हातांनी बाहुल्यांना केस चिकटवावेत, यातली गंमत त्या काळच्या वृत्तपत्र छायाचित्रकारांनी पुरेपूर टिपलेली आहे.

हे सर्व ज्या गृहीतावर चालले होते, ते प्लास्टिकने मोडले. युद्धकाळात वाढलेला प्लास्टिक उद्योग शांतताकाळात नवी गिऱ्हाइके शोधू लागला आणि वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात सोडून क्षणार्धात वस्तू काढण्याच्या तंत्राने खेळण्यांची किंमत कोसळली. १९५५ साली मॅटेल कंपनीने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमावर वर्षभर जाहिरात करण्याचा करार केला आणि खेळणी ही नाताळची खरेदी न राहता बारमाही खरेदी होऊ लागली. १९५९ साली त्याच कंपनीची बार्बी बाहुली बाजारात आली. खेळण्यांची संख्या वाढली, त्यांचे आयुष्य आखडले आणि त्यांची घडणही बदलली. साच्यातून निघालेले दोन अर्ध एकमेकांत कायमचे चिकटवलेले, आत स्क्रू नाही, उघडण्याची फट नाही, सुटा भाग कोठेही विकत मिळत नाही; अशी वस्तू मोडली की तिच्यावर करण्यासारखे कोणतेच काम उरत नाही. शिवाय नवी वस्तूच इतकी स्वस्त झाली की दुरुस्तीची मजुरी तिच्या किमतीत मावेना. कपड्याचे तसे झाले नाही, कारण फाटका कपडाही चिंधी म्हणून वजनावर विकता येतो. तुटक्या प्लास्टिकच्या घोड्याला तेवढीही गती नव्हती.

याच काळात दुकानांकडे येणारा मालाचा ओघ मात्र वाढत होता. धर्मादाय देणगीवर आयकरात सूट देण्याची तरतूद अमेरिकेत १९१७ पासून होती आणि वस्तुरूप देणगीलाही ती लागू असल्याने, उपनगरांतील वाढत्या घरांतली अडगळ देऊन टाकणे हे सोयीचेही झाले आणि पुण्याचेही. १९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झालेल्या ‘सेव्हर्स’सारख्या नफ्यासाठी चालणाऱ्या साखळीने या व्यवहाराला निराळे वळण दिले: धर्मादाय संस्थांकडून ती घाऊक माल विकत घेई आणि स्वतःच्या दुकानात विकी. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराची जागा आता निवड करणाऱ्या कामगाराने घेतली. रोजगार देण्याचा मूळ हेतू त्यामुळे नष्ट झाला असे म्हणता येणार नाही, कारण गुडविलने तो प्रशिक्षण व नोकरी मिळवून देण्याच्या रूपाने चालू ठेवला. पण वस्तू सुधारणे हे काम त्यातून निघून गेले आणि काय ठेवायचे व काय फेकायचे हे ठरवणे हेच मुख्य काम होऊन बसले.

निवडीच्या या कामाला कायद्याने लवकरच कडक चौकट घातली. १९६६ आणि १९६९ च्या संघराज्य कायद्यांनी धोकादायक खेळण्यांवर बंदी घालण्याचे अधिकार सरकारला दिले, १९७२ च्या कायद्याने ग्राहकवस्तू सुरक्षितता आयोग स्थापन झाला आणि १९७८ मध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक शिसे असलेला रंग खेळण्यांवर वापरण्यास मनाई झाली. १९८० च्या आरंभापासून ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना एक साधी पण निर्णायक चाचणी लागू झाली. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची, तळ तिरपा असलेली एक नळी असते; लहान मुलाच्या घशाच्या मापाने ती बेतलेली आहे. खेळणे किंवा त्याचा सुटून येणारा भाग त्या नळीत पूर्णपणे मावला, तर ते मूल गुदमरू शकते असे मानून ते अपात्र ठरते. फिशर-प्राइस कंपनीची ‘लिटल पीपल’ नावाची खुंटीसारखी छोटी माणसे १९५९ पासून घरोघर होती. घशात अडकण्याच्या धोक्यावरून त्यांच्यावर टीका वाढल्यावर १९९१ मध्ये ती जाडजूड करण्यात आली. जुन्या घडणीची माणसे मात्र त्या आधीच लाखो घरांत पोचलेली होती आणि माळे साफ होतील तसतशी ती थ्रिफ्ट स्टोअरच्या टोपल्यांत येऊन पडत राहिली. कायदा नव्या मालासाठी होतो, आणि ही दुकाने तर मागच्या पिढीचा मालच पुढच्या पिढीला विकत असतात. ही अडचण मुळातलीच आहे.

‘टॉइज फॉर टॉट्स’च्या निर्णयात हा बदल स्पष्ट दिसतो. १९७९ पर्यंत दुरुस्त केलेली खेळणी वाटणाऱ्या या मोहिमेने १९८० पासून फक्त नवी खेळणी स्वीकारण्याचे ठरवले. राखीव सैनिकांना लष्करी प्रशिक्षणातून दुरुस्तीला वेळ उरेना, दुरुस्त खेळण्याने मुलाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची हा कायदेशीर प्रश्न उभा राहिला, आणि ज्या मुलाला तो दखलपात्र आहे हे पटवून द्यायचे, त्याच्या हातात दुसऱ्याने टाकलेली वस्तू देणे विसंगत वाटू लागले, अशी तीन कारणे त्यामागे होती. पहिली दोन कारणे व्यवहाराची आहेत. तिसरे मात्र विचार करायला लावणारे आहे. मंदीच्या काळात डागडुजी केलेले खेळणे ही आस्थेची खूण मानली जात होती, आणि पन्नास वर्षांच्या आत तेच कमीपणाचे लक्षण ठरले. गरीब मुलाच्या मानासाठी खेळणे नवेच हवे, ही समजूत खेळण्यांच्या कारखानदारांना किती सोयीची होती, हे सांगण्याची गरज नाही.

१९९९ मध्ये सुरक्षितता आयोगाने देशभरातील थ्रिफ्ट स्टोअरची पाहणी केली, तेव्हा ६९ टक्के दुकानांत किमान एका प्रकारची धोकादायक ग्राहकवस्तू विक्रीला असल्याचे आढळले. खरा धक्का मात्र नंतर बसला. २००७ मध्ये चीनमध्ये तयार झालेल्या नामांकित खेळण्यांच्या रंगात शिसे सापडल्याने कंपन्यांना ती लाखोंच्या संख्येने परत बोलवावी लागली आणि त्यातून ऑगस्ट २००८ मध्ये नवा कायदा झाला. मुलांच्या वस्तूंतील शिशाची मर्यादा त्याने टप्प्याटप्प्याने दशलक्ष भागांत ६०० वरून ३०० वर आणि २०११ मध्ये १०० भागांवर आणली, तसेच कंपनीने परत बोलावलेली कोणतीही वस्तू विकणे हा गुन्हा ठरवला. प्रत्येक जुने खेळणे प्रयोगशाळेत तपासावे लागणार या भीतीने काही दुकानांनी मुलांच्या मालाचे रकाने रिकामे केले. जानेवारी २००९ मध्ये आयोगाने खुलासा केला की जुन्या मालाच्या विक्रेत्याला तपासणी सक्तीची नाही; मात्र मर्यादा ओलांडणारी वस्तू विकली गेल्यास तो जबाबदार राहील. नियम पाळल्याचे सिद्ध करण्याचे साधन हातात नसताना नियमभंगाची जबाबदारी मात्र अंगावर, अशा स्थितीत सापडलेल्या माणसाचा कल वस्तू फेकून देण्याकडेच झुकणार.

दुकानाच्या मागल्या खोलीत या निवडीचे जे स्वरूप दिसते, ते असे. कपड्यांच्या गाठोड्यांतून आणि खोक्यांतून खेळणी वेगळी काढली जातात. फुटलेली, पाटी नसलेली, विजेऱ्या गळून हिरवट क्षार धरलेली, डागाळलेली तेथेच बाद होतात. सोंगट्या व पत्ते पूर्ण आहेत की नाहीत हे मोजण्याइतका वेळ नसल्याने पटावरच्या खेळांचे खोके चिकटपट्टीने बंद करून नशिबावर सोडले जाते. एकेकटी विकण्याच्या लायकीची नसलेली बारीक खेळणी पारदर्शक पिशवीत एकत्र भरून पिशवीवर एकच किंमत चिकटवली जाते, आणि मग डायनासोर, मोटार, स्वयंपाकाच्या खेळातली किटली व कोठल्या तरी हॉटेलात जेवणाबरोबर मिळालेला पुतळा एकाच भावात जातात. किमतीच्या चिठ्ठ्या आठवड्यागणिक वेगळ्या रंगाच्या असतात. ठरावीक आठवड्यांनंतर त्या रंगाचा माल सवलतीत निघतो आणि तरीही न विकलेला माल गुडविलच्या ‘आउटलेट’ नावाच्या अखेरच्या विक्रीकेंद्रात मोठ्या पिंपांतून वजनावर विकला जातो. तेथूनही उरलेल्याचा काही भाग जुन्या मालाच्या निर्यातीत ‘मऊ खेळणी’ व ‘कडक खेळणी’ अशा दोन प्रतींत गासड्या बांधून परदेशी जातो आणि बाकीचा कचराभूमीवर.

निवडीच्या या खोलीत १९९० च्या दशकात आणखी एक नजर शिरली, ती संग्राहकाची. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबे’ या इंटरनेटवरील लिलावाने जुन्या खेळण्यांचे भाव सर्वांना दिसू लागले आणि १९९९ मध्ये गुडविलने स्वतःचेच लिलावाचे संकेतस्थळ काढले; तेव्हापासून मौल्यवान वाटणारे खेळणे दुकानाच्या फळीपर्यंत पोचण्यापूर्वीच बाजूला काढले जाऊ लागले. ‘बीनी बेबीज’ या १९९३ पासूनच्या, प्लास्टिकचे मणी भरलेल्या छोट्या कापडी प्राण्यांचे प्रकरण या संदर्भात बोधप्रद आहे. टाय वॉर्नर या उत्पादकाने एकेक नमुना अधूनमधून बंद करून टंचाई निर्माण केली, लोकांनी मुलांच्या शिक्षणाची बेगमी म्हणून ते साठवले, त्यांच्या कानाच्या चिठ्ठीला प्लास्टिकची आवरणे घातली. आणि १९९९ अखेर उत्पादन थांबवण्याची घोषणा होऊनही भाव वाढले नाहीत, तेव्हा सगळा डोलारा कोसळला. पुढील वर्षांत थ्रिफ्ट स्टोअरकडे या प्राण्यांचा पूर आला. कोणत्याही मुलाने न खेळलेली, तरीही टाकून दिलेली अशी खेळणी या दुकानांनी एवढ्या प्रमाणात यापूर्वी पाहिली नव्हती.

त्याच १९९९ साली आलेल्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटात अंगणातील विक्रीतून एक जुनी बाहुली संग्राहकाच्या हाती पडते आणि एक वृद्ध कारागीर तिचा उसवलेला हात शिवून, रंग भरून तिला संग्रहालयायोग्य करतो. दुरुस्ती पुन्हा अवतरली, पण मुलासाठी नव्हे, काचेच्या कपाटासाठी. संग्राहकांची डागडुजी ही खरोखरच सूक्ष्म विद्या आहे. जुन्या बार्बीच्या कानांतील धातूच्या कुड्यांचे तांबे मऊ प्लास्टिकमध्ये उतरून कानाभोवती हिरवा डाग पडतो. तो काढण्यासाठी औषधे आणि उन्हाचे प्रयोग यांवर संग्राहकांत अखंड चर्चा चालते. ज्या मुलीने त्या कुड्या घातल्या तिच्या दृष्टीने तो डाग म्हणजे खेळल्याची खूण. बाजाराच्या दृष्टीने तो दोष.

ज्यांना संग्राहकही विचारत नव्हता, अशा हाताने विणलेल्या व शिवलेल्या खेळण्यांकडे एका चित्रकाराचे लक्ष गेले. डेट्रॉइटजवळ वाढलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये काम केलेल्या माइक केली (१९५४–२०१२) याने थ्रिफ्ट स्टोअरमधून अशी खेळणी व विणलेल्या रजया गोळा करून १९८७ मध्ये ‘मोअर लव्ह अवर्स दॅन कॅन एव्हर बी रिपेड’ हे मोठे भित्तिशिल्प केले. ते आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. आजीने किंवा मावशीने तासन्‌तास बसून विणलेले खेळणे मुलाला फुकट मिळते खरे, पण त्याच्याबरोबर प्रेमाचे एक न फिटणारे ऋणही मिळते, हा त्यातील विचार होता. प्रेक्षकांनी मात्र मळकी, विरलेली खेळणी पाहून त्यात मुलांच्या छळाचा अर्थ वाचला, आणि या अनपेक्षित वाचनाने केलीच्या पुढील कामाची दिशाच बदलली. १९९१ मधील दुसऱ्या एका कामात त्याने अशा बाहुल्या आकार व जातीनुसार मेजांवर मांडून प्रत्येकीचे मोजपट्टीसह कृष्णधवल छायाचित्र काढले. मागल्या खोलीतील वर्गवारीचे ते तंतोतंत, काहीसे निष्ठुर अनुकरण आहे, आणि थ्रिफ्ट स्टोअरवरच्या कोणत्याही प्रबंधाहून ते त्या संस्थेविषयी अधिक सांगते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो मुक्तिफौजेमुळे. तिच्या भारतातील कार्याचा आरंभ १८८२ साली फ्रेडरिक टकर याच्या नेतृत्वाखाली मुंबईतच झाला, तरीही टाकाऊ घरगुती वस्तू जमवून विकण्याची तिची पद्धत येथे अमेरिकेसारखी फोफावली नाही. कारण उघड आहे: जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला यांनी ते क्षेत्र आधीच व्यापलेले होते, आणि मोबदला दारात मिळत असताना वस्तू फुकट देण्याची सवय लागणार कशी? खेळण्यांना तर या व्यवहारातही स्थान नव्हते. लाकडी ठकी धाकट्या बहिणीकडे किंवा भाचीकडे जाई, भातुकलीतली पितळेची भांडी मोडीत निघत आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मातीतच जात. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर पत्र्याची जुनी खेळणी विकली जातात, पण ती संग्राहकांसाठी.

अलीकडच्या काळात जुन्या प्लास्टिकविषयीच्या शंकेला विज्ञानाचा आधार मिळाला आहे. प्लिमथ विद्यापीठातील अँड्र्यू टर्नर यांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील घरे, बालवाड्या व चॅरिटी शॉप यांतून मिळालेली २०० वापरलेली प्लास्टिक खेळणी क्ष-किरण पद्धतीने तपासली. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसह नऊ घातक मूलद्रव्यांचा त्यांनी शोध घेतला आणि २० खेळण्यांत ती सर्वच्या सर्व आढळली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत पिवळ्या, लाल व काळ्या रंगांची खेळणी विशेष संशयास्पद ठरली. म्हणजे टिकाऊपणा हाच ज्यांचा एकमेव गुण होता, त्या वस्तू टिकल्या याचीच आता चिंता करण्याची पाळी आली. जुनी खेळणी परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याच्या योजना हॅस्ब्रोने २०१८ मध्ये, लेगोने २०१९ मध्ये आणि मॅटेलने २०२१ मध्ये सुरू केल्या. एकूण उत्पादनापुढे त्यांचा आवाका अगदीच तोकडा आहे आणि त्यांतील जाहिरातीचा भाग वगळून त्यांचे मोल करणे हेच उचित ठरेल.

टाकलेल्या खेळण्याला दुसरे मूल मिळवून देण्याच्या कामात थ्रिफ्ट स्टोअर कमी पडले, याचा दोष तेथील कामगारांना देता येत नाही. दुरुस्त न होणारी वस्तू घडवणाऱ्यांनी तो निर्णय कारखान्यातच घेऊन ठेवला होता. खेळणे देण्याऐवजी उसने देण्याचा मंदीच्या काळातील मार्ग त्या मानाने अधिक टिकाऊ ठरला असून, १९३५ साली सुरू झालेला लॉस एंजेलिसचा ‘टॉय लोन’ हा उपक्रम तेथील परगणा प्रशासनाच्या समाजसेवा विभागामार्फत पुढेही चालू राहिला आहे.